अंजिरावरचं घरटं

“टाळकं फोडीन,” असं म्हटल्याशिवाय आमच्या शेजारच्या चाचांचा दिवस सुरू होत नसे. ते अकोल्याचे पिंजारी. कापूस पिंजायची लाकडी मोगरी सदा हातात, आणि परसातल्या घरट्याकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ती उगारलेली. माझ्या सासूची मांजर त्यांनी बुलबुलाच्या पिल्लासाठी एका फटक्यात मारली. सासूने आठवडाभर शिव्या घातल्या. माणूस राक्षसच आहे, असं मलाही वाटलं.

आता याच राक्षसाची रीत ऐका. कापसाच्या गाड्या दारावरून बाजाराला निघाल्या की ते मूठभर कापूस ओढून घेत आणि अंजिराच्या फांदीला टांगत. शिंपीण ही इवलीशी पक्षीण त्याचे धागे काढून पानं शिवायची, आत मऊ गादी करायची. “पाखराईचा वाटा हाय,” चाचा म्हणायचे. गाडीवान हसून स्वतःच मूठ काढून देत.

मग अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्यांबरोबर व्यापाऱ्यांचे लाठीवाले चालू लागले.

“चाचा, आता ह्याले चोरी म्हन्तेत,” मी कुंपणावरून म्हटलं.

“मंग पाखरानं काय बाजारातून इकत आनाव?”

त्या चैत्रात अंजिरावर पिल्लं निघाली होती, आणि लिंबावर दुसरी जोडी अजून पानं शिवत होती, म्हणून चाचांनी पुन्हा मूठ ओढली. लाठीवाला मागोमाग परसात शिरला. त्याला अंजिरावरच्या घरट्यातला पांढरा कापूस दिसला. “हाबी मालकाचाच,” म्हणत त्याने फांदी वाकवली. मुठीएवढ्या घरट्यात कापूस तो किती असणार, तुम्हीच सांगा. चाचांनी मोगरीने त्याचं मनगट मोडलं. हाडाचा आवाज मला ऐकू आला. त्याने दुसऱ्या हाताने चाचांच्या कानशिलावर लाठी घातली. पुन्हा घातली, ते पडल्यावरही घातली. रक्त पाहून मग तो पळाला.

चाचांनी अंजिराखालीच प्राण सोडला. गल्ली गोळा झाली, बाया छाती पिटून रडू लागल्या. शिंपीण चोचीत अळी धरून कुंपणावर फडफडत होती. एवढ्या माणसांत तिला घरट्याकडे येववेना. पिल्लं ओरडत होती. माझं डोकंच फिरलं.

“रडाचं त् घरात जाऊन रडा,” मी ओरडले. “चाचाले आत न्या. पिल्लं भुकेले हायेत.”

सासू माझा पदर ओढत राहिली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. चाचींनी मात्र डोळे पुसले आणि नवऱ्याच्या पायांखाली हात घातले.

“उचला,” त्या म्हणाल्या.

परस मोकळं झालं, तशी शिंपीण अळी घेऊन घरट्यात गेली.