उपडा ठेवलेला ग्लास

आमच्या नळदुर्गच्या फुटबॉल क्लबात हात वर करून मत घ्यायची पद्धत नव्हती. हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतो, असं आमच्या जुन्या सरांचं म्हणणं. म्हणून त्यांनी ग्लासाची पद्धत काढली. बैठक हायवेलगतच्या चाचांच्या हॉटेलात व्हायची. कोपऱ्यात सोड्याच्या बाटल्यांचा जुना लाकडी खोका असायचा, कप्प्याकप्प्यांचा, आणि त्यावर पोतं टाकलेलं. चहा पिऊन झाला की एकेकानं उठायचं, पोत्याखाली हात घालायचा आणि एका कप्प्यात आपला ग्लास ठेवायचा. पटत असेल तर सुलटा, नसेल तर उपडा. मग चाचा पोतं उचलायचे. एक जरी ग्लास उपडा निघाला तरी विषय संपला. कुणी ठेवला, हे विचारायचं नाही.

चार वर्षांपूर्वी त्या खोक्यात एक ग्लास उपडा निघाला. तो मी ठेवला होता.

ज्याच्यासाठी बैठक होती तो माझा शाळेपासूनचा सोबती. डावखुरा, पुढं खेळणारा. मी मागं, बचावाला. चेंडू अडवायचा आणि त्याच्याकडं द्यायचा एवढं माझं काम; बाकी लोक ज्यासाठी ओरडायचे ते सगळं त्याचं. पुढं तो पुण्याला आणि तिथून गोव्याला खेळायला गेला. दोनदा टीव्हीवर दिसला, तेव्हा चाचांनी दिवसभर फुकट चहा पाजला होता. नंतर गुडघा गेला आणि तो परत येऊन भावाची द्राक्षबाग बघू लागला. मी गावातच होतो. शाळेत कारकुनी करायची आणि संध्याकाळी सरांच्या हाताखाली मैदानावर राबायचं. चुन्याची फक्की मारून रेषा आखणं, चेंडूत हवा भरणं, जाळी शिवणं, पोरांना वेळेवर बोलावणं, हे मी अकरा वर्षं केलं. सरांना समोरचा गोलपोस्ट दिसेनासा झाला आणि आता टीम कुणाकडं द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा माझ्या मनात एकच नाव होतं. माझं.

बैठकीत ते नाव कुणी घेतलंच नाही.

आम्ही सात जण होतो. दुपारची वेळ, बाहेर ट्रकांची घरघर. त्याला बोलावलं नव्हतं, पण विषय तोच होता. त्याच्या खेळाबद्दल वाद नव्हता. टीम सांभाळणं त्याला जमेल का, यावर होता.

एसटीतून निवृत्त झालेले आमचे कंडक्टर म्हणाले, "गाडी झकास चालवतो म्हणून ड्रायव्हरला कुणी डेपो मॅनेजर करतं का? टीव्हीवर बघता न्हाय का तुम्ही? परदेशातले एवढाले खेळाडू. क्लब हार घालून मॅनेजर करतो, अन् दिवाळीच्या आत घरी पाठवतो."

"अन् जे टिकले ते?" चाचा म्हणाले. "त्यांचं नाव घ्यायला जीभ जड होती का तुमची?"

"टिकलेले थोडे, चाचा."

"थोडेच असतात भाई. डेपो मॅनेजर तरी किती असतात?"

हॉटेलाशेजारी पंक्चरचं दुकान असलेला आमचा जुना गोलकीपर सगळ्यात जोरात विरोध करत होता. "ज्याला आपसूक येतं ना सर, त्याला शिकवता येत न्हाय. इचारा त्याला, तू वळतो कसा? म्हणल, असा. अन् वळून दाखवल. पोरांनी नुसतं बघतच ऱ्हायचं का? आमचा बाप पंक्चर काढायचा. एक शब्द समजावून सांगितला न्हाय कधी. नुसत्या टपल्या."

"मग तू शिकलास का न्हाय?" सरांनी विचारलं.

"शिकलो की."

"मग झालं तर."

सगळे हसले. पंक्चरवाला स्वतःही हसला. म्हणाला, "तुम्ही असं कोंडीत पकडता, सर." त्या हसण्यात त्याचा विरोध विरघळला होता, हे मला दिसलं. इतरांना का दिसलं नाही, कोण जाणे.

सरांनी माझ्याकडं मान वळवली. "तू गप्प का? तुझं काय मत?"

"माझं काय, सर. तुम्ही ठरवाल ते."

आयुष्यात मी अनेकदा खोटं बोललो असेन, पण इतक्या नम्रपणानं कधी बोललो नाही. पाच मिनिटांनी मी पोत्याखाली हात घातला. ग्लास सुलटा ठेवला, हात काढणार, आणि पुन्हा आत घालून तो उलटा केला. तळाशी उरलेला चहा माझ्या बोटांवरून ओघळला. मी तो विजारीला पुसला आणि जागेवर येऊन बसलो.

चाचांनी पोतं उचललं. एक ग्लास उपडा होता. हळूहळू सगळ्यांची नजर पंक्चरवाल्याकडं गेली. "माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "म्या सुलटाच ठेवला." कंडक्टर कोरडं हसले. नियमाप्रमाणं सरांनी विषय बंद केला आणि मला म्हणाले, "तू त्याचा जवळचा. तू जाऊन सांग."

मी गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. इस्त्री केलेला ट्रॅकसूट, दाढी घोटलेली. मांडीवर दोनशे पानी वही. मी तोंड उघडायच्या आत त्यानं ती माझ्यापुढं धरली. पानापानावर मैदानाचे चौकोन, त्यात पेन्सिलीचे बाण. पहिल्या पानावर कामांची वाटणी होती. बचाव कुणी शिकवायचा, त्यापुढं माझं नाव होतं आणि त्याखाली दोन रेघा.

"मला मागचं काय कळतंय?" तो म्हणाला. "पुढं पळायचं तेवढं माहीत. तू लागशीलच."

मी वही मिटली. "न्हाय झालं," म्हणालो.

त्यानं वही माझ्या हातून परत घेतली. "किती उपडे?"

"एक."

"एकच?" मग म्हणाला, "पंक्चरवाला."

तेव्हा मला बोलता आलं असतं. निदान 'तो नव्हे' एवढं तरी. मी म्हणालो, "विचारायचं नसतं." त्यानं ते होकारासारखं घेतलं. तो तसंच घेणार, हे मला ठाऊक होतं.

महिन्याभरानं पुन्हा बैठक झाली आणि टीम माझ्याकडं आली. त्या बैठकीला त्यालाही बोलावलं होतं. आठही ग्लास सुलटे निघाले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चांगलं झालं. तू राबणारा माणूस." त्यानंतर तो मैदानावर कधी आला नाही.

मला रेषा सरळ आखता येतात. सामना चालू असताना काय बदलायचं, ते मला सुचत नाही. पोरं हरून परत येताना टेम्पोत गाणी म्हणायची बंद झाली, ती माझ्या काळात. दोन चांगली पोरं सोलापूरच्या क्लबात गेली. मला काही बोलली नाहीत, पायाला हात लावून गेली.

तरीही मी बोललो नसतो. पण यंदा पोळ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी मी हॉटेलात बसलो होतो. तो मोटरसायकलवरून येत होता आणि नेमकं पंक्चरच्या दुकानासमोर त्याचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाला हातातला टायर टाकून उठला. तो उतरला, एकदा चाकाकडं बघितलं आणि गाडी ढकलत बस स्टँडाकडं निघाला. तिथं दुसरं दुकान आहे. चढ आहे. दर चार पावलांना त्याचा गुडघा बाहेर जायचा, तो थांबायचा, पुन्हा ढकलायचा. पंक्चरवाला हातात पाना धरून तसाच उभा. मग खाली बसला आणि टायरला लागला. माझा चहा गार झाला.

त्याच आठवड्यात मी बैठक लावली. चार वर्षांपूर्वीचे सगळे आणि तो. आधी सांगितलं की मी टीम सोडतोय, आणि ती त्याच्याकडं जावी. मग सांगितलं की तो ग्लास माझा होता. कारणही सांगितलं. लाज वाटायला लावणारं कारण सांगताना वाक्यं फार लहान होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कंडक्टरांनी मान खाली घातली. सरांना आता काहीच दिसत नाही. त्यांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला होता, तो तसाच राहिला.

पंक्चरवाला म्हणाला, "चार वर्षं मला वाटत होतं, चाचांची बघण्यात चूक झाली. घरी मी बायकोलाबी तेच सांगितलं."

मी त्याच्याकडं, आमच्या डावखुऱ्याकडं बघितलं. "ती वही आहे ना अजून?"

"हाय की. फवारणीच्या तारखा लिहितो तिच्यात."

चाचांनी चहा आणला. खोका कोपऱ्यात ठेवला, पोतं टाकलं. त्यानं सावकाश चहा संपवला. खोक्याकडं तो गेलाच नाही. बसल्या जागी त्यानं ग्लास उलटा केला आणि टेबलावर ठेवला. पत्र्याच्या टेबलावर काचेचा आवाज झाला.

"कुणाचा?" सरांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा नियम पहिल्यांदाच मोडला.

"माझा, सर," तो म्हणाला. "तवा लई वाटत होतं. आता न्हाय वाटत."

एक उपडा असला की विषय संपतो. तो उठला. माझ्याजवळून जाताना थांबला नाही. बाहेर मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी दारात जाऊन बघितलं. त्यानं गाडी ढकलत शेजारच्या दुकानापुढं नेली होती. "मागच्या चाकात हवा बघ," तिथून तो हॉटेलात बसलेल्या पंक्चरवाल्याला म्हणाला. पंक्चरवाला उठून माझ्या बाजूनं बाहेर गेला, चाकाशी बसला आणि नळी लावली. हवा भरून झाल्यावर पंक्चरवाल्यानं चाक अंगठ्यानं दाबलं आणि मान हलवली.

टीम अजून माझ्याकडंच आहे. दुसरं कुणी घेत नाही. रोज संध्याकाळी मी फक्कीची पाटी घेऊन मैदानावर जातो आणि रेषा आखतो. पोरं मला सर म्हणतात.