प्लगच्या भोकावरचा अंगठा

मला थांबता येत नाही. ऑफिसातल्या लिफ्टला जरा उशीर झाला की मी जिन्याने निघते आणि वर पोचते तेव्हा लिफ्ट आधीच येऊन उभी असते. अशा मुलीच्या हातात बाबांनी त्यांच्या इंजिनाचं टायमिंग दिलं.

आई गेल्यावर मी बाबांना मराठवाड्यातून चांदे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोल्यांत आणलं होतं. आयुष्यभर गॅरेज चालवलेला माणूस इथे दिवसभर जिन्यापासून फाटकापर्यंत फेऱ्या मारायचा. त्या फेऱ्या बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. शेवटी त्यांची कित्येक वर्षं बंद पडलेली जुनी गाडी टेम्पोत घालून आणली आणि घरमालकांच्या रिकाम्या गोठ्यात उभी केली. बाबांनी इंजिनाचा नट न् नट सुटा केला. त्यांचं जेवण वाढलं, झोप लागायला लागली. फक्त पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "ही चालू झाली की हिच्यातच बसून मी गावाला जाणार. मला अडवायचं नाही." मी हो म्हणाले. वर्षभर तरी लागेल असं मला वाटलं होतं.

चौथ्या महिन्यातच इंजिन जोडून झालं. उरलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते लावणं. बाबा म्हणाले, "हँडलच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. पण हवा दाबत एकदाच येतो, आपल्याला तीच वेळ पाहिजे. प्लग काढलाय, त्या भोकावर अंगठा ठेव, हवेनं ढकलला की सांग."

साडेदहाला ऑफिसात मिटिंग होती आणि दहा तर गोठ्यातच वाजले होते. बाबांनी समोरून हँडल फिरवलं, खूण जुळली. अंगठ्याला काहीच जाणवलं नाही.

"आली!" मी म्हणाले आणि हात पुसत पळाले.

ते जाऊ नयेत म्हणून मी तसं केलं का, हे मी स्वतःला नंतर खूपदा विचारलं. खरं सांगते, तेव्हा डोक्यात फक्त मिटिंग होती.

संध्याकाळी बाबांनी स्टार्टर मारला तर कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की घरमालक धावत आले. "काय ओ, सुतळी बाँब फोडताय व्हय हितं? कोंबड्या पार वढ्याला गेल्या की!"

पुढचे तीन दिवस बाबांनी वायरींचा क्रम तपासला, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर दोनदा उघडला. मला ऑफिसात बसवेना, घरी आल्यावर गोठ्यात जाववेना. तिसऱ्या दिवशी मी चाचरत विचारलं, "बाबा, टायमिंगच चुकलं नसेल ना?"

"ते कसं चुकेल? तू हवा आली म्हणालीस की."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाने पुसून पेटीत भरले. "हात गेला माझा. भंगारवाल्याला बोलव," ते म्हणाले. "गावाला जाऊन तरी काय करू? राहतो इथंच."

मला हवं ते सगळं त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. मग ते उठले आणि फाटकाकडे फेऱ्या मारायला लागले. मला ते बघवेना. मी मागे पळत गेले.

"बाबा, हवा आली नव्हती. मला घाई होती. खोटं बोलले मी."

ते फाटकाला धरून उभे राहिले. "तीन दिवस, बाई," ते म्हणाले. "तीन दिवस मला वाटत होतं, माझं डोकंच कामातून गेलं." एवढंच. मग गोठ्यात जाऊन त्यांनी पेटीतून पाना काढला, प्लग सोडवला आणि समोर हँडल लावलं. "ठेव अंगठा."

खूण एकदा जुळून गेली, काही नाही. बाबा फिरवत राहिले. मग खालून हवेने माझा अंगठा असा ढकलला की दाबून धरता येईना. खूण पुन्हा जुळत आली होती. मला आता कसलीच घाई नव्हती.

बाबा हँडल धरून वाकलेले तसेच थांबले आणि मान वर करून माझ्याकडे बघू लागले.

"आली का गं?"

"आली, बाबा."