संपतने घासलेला मॅनिफोल्ड

आज शिरूरच्या एका गॅरेजात ग्राइंडर फिरला आणि तापलेल्या ॲल्युमिनियमचा वास नाकात गेला. कित्येक वर्षांपूर्वी दौंडला, चुलतभावाच्या गॅरेजात होता तोच वास. तेव्हा माझी बाईक शर्यतीत उतरणार होती. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं, तोंड इंजिनच्या हेडशी तंतोतंत जुळलं, तरच हवा न अडखळता आत जाते. म्हणून मी हेडला तेलात कालवलेलं कुंकू फासून मॅनिफोल्डवर छाप घेतला आणि घासायला चुलतभावाकडे, संपतकडे दिला. "छापाबाहेर जाऊ नको," एवढंच बजावलं.

शर्यतीत बाईक ठसकत राहिली. पहिला आला तो संपतचा मेहुणा. संपत सगळ्यांदेखत म्हणाला, "यानं छापच वाकडा घेतला व्हता, मी काय करू?" इतकी वर्षं मीही तेच खरं धरलं.

घरी येऊन माळ्यावरचं ते जोडलेलं हेड-मॅनिफोल्ड काढलं, आत बोट फिरवलं. खालच्या अंगाला, नजर पोचत नाही तिथं, पायरी लागली. मॅनिफोल्ड तिथं जास्त खोदला होता. छाप वाकडा असता तर समोरच्या अंगाला धातू उरला असता; तिथं तर तोंड तंतोतंत जुळलेलं. हात घसरला असता तर चरा उठला असता. हे तर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेलं!

रविवारी संपतच्या पोराचं लग्न आहे. आहेरात हेच देणार. भर मांडवात म्हणणार, "फिरव बोट, संपत."