राहुटीचा खांब कोणी धरला

साल २०२३, ऑगस्ट महिना. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो.

आधीच सांगतो, भूतखेत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आयुष्याची बत्तीस वर्षं डोंगरात काढली. धरणांच्या सर्व्हेवर खलाशी होतो, म्हणजे तंबू ठोकणारा, सामान वाहणारा गडी. स्मशानाशेजारी राहुटी ठोकून झोपलोय, तेही गाढ. माझ्याबरोबरचे लोक लिंबू-मिरची बांधायचे, मी हसायचो. त्यामुळे हे वाचून कोणी म्हणेल की म्हातारा घाबरट आहे, तर त्याने आपलं म्हणणं आपल्याजवळ ठेवावं.

आणखी एक. मी चौथी शिकलेला माणूस आहे. वहीत मी लिहिलं आणि सूनबाईंनी मोबाईलवर टाईप केलं. शब्द माझेच आहेत. तिने दोन ठिकाणी "बाबा, हे असं लिहूया का" विचारलं. मी नाही म्हटलं.

तर... माझा मुलगा नितीन जर्मनीत म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला असतो. कंपनीत इंजिनियर. सून अमृता, नात रेवा नऊ वर्षांची. रेवाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी मराठीत ओरडतो, ती जर्मनमध्ये ओरडते, आमचं बरं चालतं.

आमची मंडळी, म्हणजे नितीनची आई, त्याच्या चार वर्षं आधी गेली. तेव्हापासून नितीन दर उन्हाळ्यात मला तिकडे नेतो. त्या वर्षी त्याने ठरवलं, शनिवार-रविवार कॅम्पिंगला जायचं. तासाभरावर डोंगराच्या पायथ्याशी एक तळं आहे, त्याच्या काठावर कॅम्पिंगची जागा. आखीवरेखीव, प्रत्येकाला नंबर दिलेला चौकोन, त्याला ते श्टेलप्लाट्झ म्हणतात. नळ, संडास, सगळं चकचकीत. ह्याला कॅम्प म्हणायचं म्हणजे... असो.

झोपायचं कुठे यावरून घरूनच वाद सुरू झाला होता. नितीनने भाड्याने मोठी गाडी आणलेली. तिचं छप्पर वर उचललं की वर एक बिछाना, खाली एक बिछाना.

"बाबा, तुम्ही खाली गाडीत. आम्ही तिघं वर."

"गाडीत ड्रायव्हर झोपतो," मी म्हटलं.

"अहो बाबा, मग ही फोल्डिंगची खाट घ्या ना," सूनबाई म्हणाल्या. "चांगली आहे. रात्री नऊ डिग्रीपर्यंत जातं इथे. तुमच्या कमरेचं ऑपरेशन झालंय."

"खाटेवर साहेब झोपतो."

"आणि तुम्ही कोण?" नितीन हसत म्हणाला.

"मी खलाशी. जमिनीवर. राहुटीत."

आमच्या कॅम्पची रीतच ती. साहेब खाटेवर, ड्रायव्हर जीपमध्ये, आम्ही राहुटीत जमिनीवर. बत्तीस वर्षांत एकदाही मी दुसऱ्याच्या जागी झोपलो नाही. आता पोराने गाडी आणली म्हणून रीत मोडायची?

नितीनच्या ऑफिसातल्या एका वयस्कर जर्मन माणसाने घराचं तळघर साफ करताना जुना तंबू त्याला देऊन टाकला होता. तो मी हट्टाने बरोबर घ्यायला लावला. पिशवी उघडली आणि काय सांगू! जाड सुती कापड. मधे एक लाकडी खांब. बाजूने आठ तणावे, म्हणजे ताणून बांधायचे दोर. मेखा लोखंडी. कापडाला नाक लावलं तर तोच वास... ऊन आणि सुताचा. मला एकदम गलबलून आलं, पण मी कोणाला दिसू दिलं नाही.

आता तंबू ठोकायची आमची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. एकजण आत जाऊन मधला खांब उभा धरून ठेवतो. दुसरा बाहेरून तणावे ओढून मेखा ठोकतो. कापडाआडून बोललेलं वाऱ्यात ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस बोटाच्या पेराने खांबावर ठोका देतो. बाहेरच्याचा हात तणाव्यावर असतो, त्याला तो ठोका दोरातून हातात कळतो. एक ठोका म्हणजे ओढ. दोन म्हणजे ढील दे. बास. हे कुठल्या पुस्तकात नाही. आमच्या टोळीतच चालायचं.

नितीनला मी आत पाठवलं. त्याने खांब धरला, पण धरला कसला, त्याच्यावर रेलून मोबाईल बघत होता. खांब तिरका, कापड एका अंगाला.

"अहो बाबा, आधी चारी कोपरे ठोकू, मग खांब घालू. व्हिडिओत तसंच दाखवलंय. एकट्याला जमतं."

"व्हिडिओवाल्याला सांग, मी बत्तीस वर्षं ठोकले."

"जा, गेनाऊ," तो जर्मनमध्ये पुटपुटला. बरोबर, बरोबर असा त्याचा अर्थ, पण तो कुठल्या सुरात म्हटला ते मला कळलं. मी मेखा ठोकायची मोगरी खाली टाकली.

"जा सगळे पोहायला. मी एकटा बघतो."

"बाबा, चिडू नका ना..."

"जा म्हटलं ना!"

गेले तिघं. तळं झाडांच्या पलीकडे, तिथून दिसत नाही. दुपारचे साडेचार वाजले असतील. लख्ख ऊन. शेजारच्या चौकोनात कोणी नव्हतं.

आता खरं सांगतो, मलाही माहीत होतं की एकट्याने खांब उभा राहणार नाही. पण आता कोणत्या तोंडाने बोलावणार? मी आत गेलो, खांब उभा केला, सोडला आणि पडायच्या आत बाहेर धावायचं म्हणून निघालो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धावतो म्हणजे किती धावतो. बाहेर आलो, वळून बघितलं. खांब उभा.

मला वाटलं, रेवा मागे राहिली आणि मागच्या बाजूने आत शिरली. तिची सवयच तशी. मी पहिला तणावा हातात घेतला आणि ओरडलो, "नीट धर गं! डावीकडे घे जरा!"

खांब डावीकडे सरकला. सरळ झाला. ओळंबा लावल्यासारखा.

"शाबास!"

तणाव्यात एक ठोका आला.

मी ओढला. मेख ठोकली. दुसरा तणावा. पुन्हा एक ठोका. ओढला. तिसऱ्याला जास्त ओढला गेला, तर दोन ठोके आले. मी ढील दिली. हाताला इतकी सवय होती की ह्यात काही वेगळं आहे हे डोक्यात आलंच नाही. उलट मी खुशीत होतो. आठही तणावे कधी झाले कळलं नाही. इतका सुरेख तंबू मी नोकरीतसुद्धा ठोकला नसेल. एक सुरकुती नाही.

शेवटची मेख ठोकली, हात तणाव्यावरच होता. आणि तीन ठोके आले.

तेव्हा मोगरी माझ्या हातातून गळाली.

तीन ठोके आमच्यात नव्हतेच. तीन ठोके जगात एकाच माणसाने दिले होते, तेही एकदाच.

१९७९ साल. अकोले तालुक्यातल्या डोंगरात कॅम्प होता. लग्नाला तीन वर्षं झालेली, नितीनचा जन्म व्हायचा होता. एके दिवशी ही एसटीने येऊन, पुढे दोन तास चढून, हातात गाठोडं घेऊन हजर. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही. तुम्ही रोज तंबू बांधता. मला एक रात्र तंबूत झोपायचंय."

त्या दिवशी कॅम्प हलवलेला आणि खांब धरणारा माझा जोडीदार तापाने पडलेला. हिने पदर खोचला आणि आत जाऊन खांब धरला. मी तिला ठोके शिकवले. पहिल्याच खेपेला तिने माझ्या जोडीदारापेक्षा चांगला धरला. आणि शेवटी तीन ठोके दिले. मी बाहेरून विचारलं, "तीन म्हणजे काय?"

आतून म्हणाली, "तीन म्हणजे माझे हात दुखले, आता तुम्ही आत या."

बाकीचे खलाशी खदाखदा हसले. एकजण म्हणाला, "वहिनींनाच हजेरीवर घ्या, तुम्ही चूल सांभाळा!" साधी थट्टा. पण मी तेव्हा तिशीचा, नाकावर माशी बसू देत नव्हतो. मी तिला सांगितलं, बायकामाणसांना कॅम्पवर राहायला साहेबांची परवानगी नाही. साहेबांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळच्या एसटीत तिला बसवून दिलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "अरे, वहिनी आल्या होत्या म्हणे. राहू द्यायचं होतंस की. एक राहुटी रिकामीच होती."

चाळीस वर्षं ती त्यानंतर माझ्याबरोबर राहिली. पुन्हा कधी तंबूचं नाव काढलं नाही. मीही त्या रिकाम्या राहुटीचं तिला कधी सांगितलं नाही. किती वेळा जिभेवर आलं. शेवटी दवाखान्यातही आलं. म्हटलं, उद्या सांगू.

मी तिथे उन्हात उभा. आत जायला पाय उचलेना. भीती नव्हती, खरंच नव्हती. आत गेलो आणि कोणी नसलं तर... एवढंच होतं. तेवढ्यात झाडांतून तिघं येताना दिसले. रेवा सगळ्यात पुढे, केसांतून पाणी गळतंय, अंगाभोवती टॉवेल.

"रेवा, तू आत होतीस ना? खांब कोणी धरला?"

"नाइन, आजोबा! इश वार इम वासर!"

"ती पाण्यात होती बाबा, आमच्याबरोबरच," नितीन म्हणाला. मग तंबूकडे बघून, "अरे वा! एकट्याने?"

मी दाराचं कापड सारून आत गेलो. कोणी नव्हतं. खांब सरळ. खालचं गवत खांबाजवळ दबलेलं होतं, पण ते माझ्याही पायाने दबलं असेल. जे खरं ते सांगतो.

संध्याकाळी नितीनला सांगितलं, ठोक्यांचं. एसटीचं नाही. तो म्हणाला, जमीन मऊ आहे, खांब रुतला असेल आणि वाऱ्याने दोर थरथरतो. शक्य आहे. तो इंजिनियर आहे. पण मी एकच विचारलं, "डावीकडे घे म्हटल्यावर वारा डावीकडे घेतो का रे?" सूनबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रात्री त्यांनी आत खाट मांडून ठेवली होती. मी ती बाहेर काढली. खाट एकाची असते. खाली चटई आणि दोन रजया अंथरल्या, आडव्या, दोघांना पुरतील अशा. एका कडेला झोपलो. म्हणजे पडून राहिलो. नऊपर्यंत तर तिथे उजेडच असतो. मग अंधार झाला, थंडी वाजायला लागली, कंबर ठणकायला लागली. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. साहेब, रिकामी राहुटी, सगळं. मग खांबाला हात लावून वाट बघितली.

काही आलं नाही. ना ठोका, ना चाहूल. पहाटे साडेपाचला उजाडलं, तोपर्यंत काही नाही.

तेव्हापासून मी ह्यावर विचार करतोय. नितीनचं वाऱ्याचं कारण चालवून बघितलं. माझ्या डोक्याचाच खेळ, हेही चालवून बघितलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले उन्हात असं होतं. होत असेल. पण ऊन आठ तणावे बरोबर सांगत नाही. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि कोणी देतो म्हणालं तर मला नकोय.

त्या सकाळी अकरा वाजता जागा सोडायची होती. नितीन उठायच्या आत मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि एकटाच त्यांच्या ऑफिसात गेलो. भाषा येत नाही म्हणून मी त्या देशात कधी पावसुद्धा आणायला एकटा गेलो नव्हतो. कोणाकडे काही मागायची मला सवय नाही. काउंटरवरच्या मुलीला मी आमच्या चौकोनाचा नंबर दाखवला, तंबूकडे बोट केलं, मग डोळे मिटून गालाखाली हात ठेवला आणि एक बोट वर केलं. आणखी एक रात्र. तिला समजलं. ती हसली आणि काहीतरी विचारलं, त्यातला "पेर्सोनेन" एवढा शब्द मला कळला.

मी दोन बोटं वर केली.

ती माझ्या मागे दाराकडे बघायला लागली, दुसरं माणूस कुठे म्हणून. मी मराठीतच सांगितलं, "मंडळी तंबूत आहेत."