माझ्या हातच्या लोहाच्या गोळ्या

देवाजवळ मी जे मागितलं ते मिळालं नाही. जे मिळालं ते ओळखायला मला फार उशीर लागला, आणि त्या उशिराचं दुःख अजून मनातून जात नाही.

माझा धाकटा भाऊ देवराम लालबर्ऱ्याच्या राईस मिलमध्ये वीस वर्षं कोंड्याच्या धुळीत राबला. त्याची फुफ्फुसं इतकी बिघडली की अंगणातून ओसरीवर येताना तो तीनदा थांबायचा. त्याची बायको आधीच वारलेली, म्हणून मी त्याला किरनापुरात माझ्याकडे आणलं. मी अंगणवाडीत काम करते. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या मीच वाटते, खाल्ल्या नाहीत तर रागावतेही. देवरामचं रक्त कमी निघालं, तेव्हा मला वाटलं, यातलं तर मला कळतं. डॉक्टरांनी दोनच महिने गोळ्या सांगितल्या होत्या. मी दोन वर्षं देतच राहिले. दर सोमवारी महादेवाला बेल वाहायचा आणि देवरामला रोज गोळी द्यायची. रक्त वाढेना, चेहरा मात्र काळवंडत गेला. मग मी महादेवाशी भांडू लागले. इतकं करते, तरी तुला दिसत कसं नाही?

दम फारच वाढला म्हणून त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. बाकावर बसून मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवली, तेवढ्यात शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला.

"बाई, कितीक दिवसांपासून देऊन राह्यल्या हे?"

"दोन साल झाले. काहून?"

"माह्या पोरीले मी बी अशीच देत होती. तिचा चेहरा बी असाच काळा पडला होता. तिच्या रक्तात जन्मापासूनच खोट होती. लोह अंगात साचत गेलं, आमाले समजलंच नाही. आधी डॉक्टरले सांगून अंगातलं लोह तपासून घ्या."

"आता कशी आहे पोरगी?"

तिने मांडीवरची फाईल सारखी केली. "नाही राह्यली. तिचे कागद न्याले आली मी."

तिला आतून हाक आली आणि ती उठून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

तपासणीत तसंच निघालं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाचा आजार धुळीचा, पण रक्तातली खोट आईवडील दोघांकडून आलेली, थॅलेसेमिया नावाची. लोह कमी नव्हतंच. ते यकृतात आणि हृदयात साचलं होतं. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. साचलेलं लोह काढण्याचं औषध सुरू झालं, पण शरीर थकलं होतं.

घरी आल्यावर मी त्याच्या पायाशी बसून रडले. "देवराम, मीच तुले जहर चारलं रे."

"तुह्या हातचं होतं म्हणून खाल्लं, ताई," तो थांबत थांबत म्हणाला. "धुळीनं खाल्लं मले, तू नाही. कांचनले तपासून घे."

कांचन त्याची एकुलती लेक, लामत्याला दिलेली, तिला तेव्हा तिसरा महिना चालू होता. खोटीचा एक वाटा तिच्यातही निघाला. जावयाचं रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, खोट एकाच बाजूची आहे, बाळाला मोठा आजार होणार नाही. हे देवरामला सांगितलं तेव्हा तो फक्त "हौ" म्हणाला आणि कितीतरी वेळ डोळे मिटून हसत राहिला. त्याला तसं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला. भर दुपार होती. मी आतबाहेर करत होते, नवस आठवत होते. तो म्हणाला, "आता काही करू नको. बस." मी बसले. त्याचा हात हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ काहीही न मागता बसून राहिले.

ती बाई कोण होती, मला माहीत नाही. स्वतःची लेक गमावलेल्या दिवसांत तिने माझ्या भावाकडे पाहिलं. महादेव आला असेल तर त्याच दुःखातून आला, असं मी मानते. कांचनची मुलगी आता रांगते.