चिखलातल्या जहाजाचा नांगर

कराडहून निघालो तेव्हा बायकोने इतक्या दशम्या बांधून दिल्या की एसटी खंबाटकी घाटात धापा टाकू लागली. पनवेलला उतरलो. न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरांची रांग संपेपर्यंत माझी दाढी वाढली, तेव्हा कुठे रस्ता ओलांडता आला.

पलीकडे इब्राहिमभाई उभा होता. मस्कतला आम्ही एका खोलीत राहायचो आणि रोज तो आपल्या जहाजाची कथा सांगायचा; जहाजाला तो 'ती' म्हणायचा. आता फोन आला होता: "पौर्णिमेला ये. ती तरंगली तर बिर्याणी, नाही तर मय्यत."

खाडीकाठी ती दिसली. चिखलात बसलेली, गंजाने लाल, पण मान ताठ. महायुद्धात मुंबई बंदराच्या तोंडावर पाण्याखाली पोलादी जाळं लावलेलं असे, शत्रूची पाणबुडी आत शिरू नये म्हणून. आपलं जहाज आलं की जाळं बाजूला ओढायचं, गेलं की परत लावायचं, हे हिचं काम. अख्ख्या लढाईत हिने एक गोळी झाडली नाही; नुसतं दार उघडलं आणि लावलं. पुढे इब्राहिमच्या आजोबांनी ती लिलावात घेतली. मग तिने मोठ्या जहाजांना गोडं पाणी पुरवलं, उरणच्या मोरा बंदरातून वऱ्हाडं नेली. "माझी बेगम हिच्यावरूनच आली," इब्राहिम म्हणाला, "आणि खाडीभर ओकत आली."

आता त्या जागेवर रस्ता येणार होता. ठेकेदाराने सांगून टाकलं होतं: पौर्णिमेच्या उधाणाला (सर्वांत मोठ्या भरतीला) हलवा, नाही तर कापतो. त्याचा गॅस कटरवाला सकाळपासूनच काठावर विडी ओढत बसला होता. समोरच्या तीरावर जनूकाका आगऱ्याचं पडीक मिठागर होतं. तिथवर ओढली की ती वाचली.

दुपारी पाणी चढलं. जहाज कण्हलं, डुललं आणि चक्क तरंगलं! समोरच्या तीरावरून गावकऱ्यांनी दोर धरला, होडीने पलीकडे जाऊन मीही धरला. ओढतोय, ओढतोय, पण ती जागची हलेना. मी असा जोर लावला की पनवेल वीतभर उरणकडे सरकलं असावं. दोर निसटला, मी कमरेपर्यंत चिखलात. डावा बूट अजून तिथेच आहे. ओहोटीला खेकडे त्यात भाडेकरू ठेवतात.

पाणी उतरू लागलं. जनूकाकांनी हातांचा भोंगा केला, "नाखवा, नांगर उचललास का नाय?"

जहाजावर उभा इब्राहिम टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"आरं बोल की!"

"काल मगरिबच्या नमाजाला, सूर्य बुडताना टाकला. सकाळी उचलायचा राहिला."

"चिखलातल्या जहाजाला नांगर? याड लागलाय का तुला?"

"जहाज आहे ते, टपरी नव्हे! अब्बा रोज टाकायचे, मीही टाकतो."

आमच्या ओढण्याने नांगर चिखलात आणखी खोल रुतला होता. साखळी तारेसारखी ताणलेली, ती गुंडाळायचा गंजलेला रहाट फिरेना. बायका हसू लागल्या, पण इब्राहिमचे डोळे भरले होते.

तेवढ्यात कटरवाल्याने विडी फेकली आणि होडीतून नळकांडं घेऊन जहाजावर चढला. "काटने ही आया हूँ, चाचा. जहाज काटूँ या चेन?"

ठिणग्या उडाल्या, साखळी तुटली, आणि ती म्हातारी दावं सुटलेल्या म्हशीसारखी पलीकडे धावली. काठावरची निम्मी माणसं पाठीवर पडली.

बिर्याणी झालीच, वर जनूकाकांच्या घरचं जिताडा माशाचं कालवण. सूर्य बुडायला आला तसा इब्राहिम पानावरून उठला. पाठोपाठ जनूकाकी ओरडत आली, "आरं माझा पाटा कुटं नेला? मसाला कशावर वाटू?" पाट्याला दोर बांधून त्याने तो जहाजावरून कधीच खाडीत सोडला होता.

कराडला परतून ही हकीकत पारावर सांगितली. लोकांनी धापा टाकणारी एसटी मानली, खेकड्यांचे भाडेकरू मानले, सरकलेलं पनवेलही मानलं. चिखलातल्या जहाजाला रोज नांगर टाकणारा माणूस मात्र एकालाही पटत नाही. आणि तेवढंच काय ते मी वाढवून सांगितलेलं नाही.