आण्णांनी न दिलेला दाखला

सहादेव आण्णा म्हस्के पंचायत समितीवर निवडून गेले ते काही भाषणाच्या जोरावर नव्हे. त्यांना बोलताच येत नसे. मधेच खाकरायचे, उपरण्यानं तोंड पुसायचे आणि धरलेलं वाक्य तिथंच टाकून दुसरं धरायचे. पण कुणाचा बैल विहिरीत पडला की पहिला दोर आण्णांचा, कुणाची म्हातारी गेली की सरणाची पहिली मोळी आण्णांची. अशा माणसाला मतं मागत फिरावं लागत नाही.

गळ्यात तुळशीची माळ. मटणाला शिवायचे नाहीत, पण खाणाऱ्यांच्या पंगतीला बसून भाकरी-ठेचा हाणायचे. कुणाच्या ताटात डोकावायचे नाहीत. एका बाबतीत मात्र माणूस नुसता काळा दगड. पोटातल्या जिवाला हात लावायचा नाही. बहात्तर सालच्या दुष्काळात बैलजोडी विकली, म्हैस विकली, पण गाभण शेळी छगन खाटकाला दिली नाही.

छगन म्हणाला, "आण्णा, चार दिसांनी मरंल ती. मंग कातडंबी कोन घेनार न्हाई."

"मरंल तर मरंल. तिच्या पोटात हाय ते मी इकनार न्हाई."

आणि कोसभर लांबून त्या शेळीला बाभळीच्या शेंगा आणायचे. त्यांची बायको रतनबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

त्याच साली गर्भपाताचा कायदा लागू झाला. समितीच्या बैठकीत तालुक्याच्या दवाखान्याचा विषय निघाला, तेव्हा आण्णा उठले आणि जन्मात पहिल्यांदा न खाकरता बोलले, "दिल्लीत बसून कुनी कायबी कायदा करू द्या. आपल्या तालुक्यात ह्यो पापाचा बाजार नको."

टेबलं वाजली. सभापती आबासाहेबांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी दवाखान्याच्या सुमंत डॉक्टरला बोलावून सांगितलं, "समितीच्या सदस्याचा दाखला असल्याबिगर कुठल्या बाईचं करायचं न्हाई." ठरावबिराव काही लिहिला नाही, असल्या गोष्टी लिहीत नसतात. डॉक्टर नवा, बदली यांच्या हातात. त्यानं मान डोलावली. आण्णा त्या दिवशी पटका जरा तिरका करूनच घरी आले.

मार्गशीर्षात एका भर दुपारी छबू आण्णांच्या दारात आली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायला होती. जेवणाच्या सुट्टीत आलेली, पापण्यांवर धुरळा तसाच. नवरा गोरक्ष प्रवरेच्या अंगाला ऊसतोडीला गेलेला. चार पोरं. चौथ्याच्या वेळी रगत थांबेना, तेव्हा आण्णांनीच आपली बैलगाडी जुंपून तिला नगरला नेली होती. तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागायची नाही.

"आण्णा, एक दाखला पायजे हुता."

"रेशनचा का?"

"न्हाई. दवाखान्याचा."

ओसरीत रतनबाई बाजरी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"आठ-धा दिसांत तीन म्हयनं भरत्यात," छबू म्हणाली. "तवर गेलं तर सुमंत डॉक्टर हितंच करत्यात. फुडं दोन डॉक्टर लागत्यात म्हनं, नगरला जावं लागंल. मला नगरला कोन नेतंय?"

"गोरक्ष काय म्हनतो?"

"त्यांचा निरोप आलाय. म्हनले, तू जगशील तसं कर."

आण्णांनी उपरणं तोंडावरून फिरवलं. "छबे, मला हे पटत न्हाई."

"पटू नका दिऊ. दाखला तेवढा द्या."

"सही केली म्हंजी पटल्यावानीच की गं. म्या न्हाई देनार."

छबू रडली-बिडली नाही. उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "बरं. जाते. मुकादम खाडा मांडंल." आणि गेली.

रतनबाईनं सूप बाजूला ठेवलं. "शेळीचं तुमी ठरीवलं, बरं केलं. शेळी तुमची हाय. छबू कुनाची हाय?"

"म्या कुठं काय ठरीवलं? नुसती सही न्हाई केली."

"व्हय. आन् तुमच्या सहीबिगर तिचं अडतंय, ते कुनी ठरीवलं? आता ती लंकाबाई सुइणीकडं जाईल. लंकी काडी घालून पोट पाडती, आन् तिच्याकडं गेलेल्या दोघी कुठं हायत ते तुमाला ठावं हाय. त्या दोघींची सरनं तुमीच रचली."

सांजच्याला आण्णांची भाकरी ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छबूच्या दारात उभे. "चल."

"दाखला देताय?"

"चल म्हनलं ना."

एस्टीत छबू पुढं बायकांत बसली, आण्णा मागं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पुढं केला. "आणलात दाखला?"

"दाखला देनार न्हाई. आदी तुमचा सरकारी कागद दावा."

डॉक्टरांनी फायलीतून परिपत्रक काढलं. आण्णा ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. पाव तास गेला. बाहेर पेशंट खोकत होते.

"ह्यात बाईची संमती लिवलीय."

"हो."

"अठराच्या आतली, न्हाईतर येडी आसंल, तर पालकाची."

"हो, बरोबर."

"छबूनं पंचविशी वलांडली. आन् येडी म्हनाल तर माझ्यापरीस शानी हाय. मंग ह्यात माझं नाव कुठाय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आण्णा, तुमच्याच भाषणानंतर तर हे सुरू झालं."

"व्हय. माझ्याच तोंडानं झालं."

"मग एका सहीचं काम आहे. करून टाका. कशाला एवढा खल?"

"सही न्हाई. आज हिच्यासाटी केली, तर उद्या दुसरीला माझ्या दारात बसावं लागंल. उद्या माझं मन निराळं आसलं म्हंजी? बाईच्या जिवाचा कासरा माझ्या मनाला बांदू नका, डॉक्टर."

"आणि आबासाहेबांना काय सांगू?"

"सहादेव म्हस्क्या बोलला हुता, त्यानंच मागं घेतलं म्हनावं."

"माझी बदली होईल, आण्णा."

"झाली तर तुमची वळकटी मी एस्टीवर टाकीन."

डॉक्टर हसले. मग छबूकडं वळून म्हणाले, "बाई, तुमची संमती आहे का?"

छबूनं सवयीनं आण्णांकडं बघितलं. आण्णा उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर पाठमोरे बसले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही.

छबू वाचली. महिन्याभरानं पुन्हा खडी फोडायला गेली. वाटेत आण्णा दिसले की पदर ओढून कडेनं निघून जायची. आण्णाही तिकडं बघायचे नाहीत. दोघांनाही ते तसंच बरं वाटत असावं.

पुढच्या बैठकीत आबासाहेबांनी सगळ्यांदेखत टोला हाणला, "काय माळकरी, पाप धुतलं का?"

आण्णा खाकरले. "न्हाई. ते पाप हाय असंच मला आजबी वाटतंय. पर माझं वाटनं म्या दवाखान्याच्या दारात राखनीला बशीवलं, ते चुकलं. तिथं कायदा हाय. दाखल्याची अट काढा, सायेब."

या खेपेला टेबल वाजलं नाही. चहाच्या वेळी आण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. पण दाखल्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही, आणि डॉक्टरची बदलीही झाली नाही.

बातमी न कळलेल्या बाया मात्र पुढं वर्षभर येत राहिल्या. दारात उभ्या राहून, नखानं भिंत खरवडत विचारायच्या, "आण्णा, दाखला..."

"लागत न्हाई. सरळ जा. डॉक्टरनं मागितला तर मला हाळी दे. सही न्हाई करायचो, पर येईन."

बाई गेली की त्या दिवशी आण्णा जेवत नसत. रतनबाई भाकरी दुरडीखाली झाकून ठेवायची आणि काही विचारायची नाही.